फिनलंड, सिंगापूर आणि मनवर सरांचं वावर

संघदीप मनवर आर्णीजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवत. पाच देशांचे माध्यमिक विज्ञानाचे अभ्यासक्रम आंतरराष्ट्रीय चाचणीच्या निकषांना लावून बघायचे आणि आपण कुठे आहोत ते सांगायचं, असं काम त्यांच्याकडे आलं होतं. इंग्रजी बरं असलेला दुसरा कोणी मोकळा नव्हता, हे निवडीचं खरं कारण त्यांना ठाऊक होतं. तरी पुण्याला अहवाल वाचायचा म्हणून त्यांनी कोट शिवला. उंटावरच्या शहाण्याला निदान उंट लागतो. सरांना कोट पुरला.

त्या वर्षी बीटी कपाशीलाही पुरून उरलेल्या गुलाबी बोंडअळीनं जिल्ह्याचा कापूस पोखरला. सरांचे चार एकरही गेले. पण तक्त्यात ‘नैसर्गिक निवड’ या घटकापुढे त्यांनी ठसठशीत बरोबरची खूण केली. दहावीला शिकवतो की आपण, अगदी फिनलंडच्या तोडीचं!

शेवटची अट अशी, की एक नमुना प्रश्न आपल्याच वर्गाला घालायचा आणि सर्वांत चांगलं उत्तर अहवालाला जोडायचं. प्रश्न होता: अळी मारणाऱ्या बीटी बियाण्यासोबत साध्या कपाशीचं लहान पाकीट कशासाठी देतात?

अडतीसपैकी सदतीस जणांनी घरचा अनुभव लिहिला. ‘वजन भरायले.’ ‘गायीले चारायले.’ एकानं तर ‘धुऱ्यावर फेकायले’ असं लिहिलं. सरांना हसता हसता ठसका लागला, कारण तेही दरवर्षी ते पाकीट धुऱ्यावरच, म्हणजे शेताच्या बांधावरच, फेकत.

उरलेलं उत्तर रुपालीचं होतं. ‘साध्या झाडावर साध्या अळ्या जगतात. बीटीवर वाचलेल्या दांडग्या अळ्यांच्या पाखरांशी यांच्या पाखरांचा जोडा लागला, की पुढची पिलावळ बीटीवर मरते. बाबानं कडेनं साध्या कपाशीच्या पाच ओळी लावल्या होत्या. पण एकट्यानं लावून भागत नाही. बाजूच्या वावरात कोणी लावल्या नाही. आमची बोंडं सडली. ते वावर मनवर सरांचं आहे.’

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे जोडलं तर अब्रू जाणार आणि न जोडलं तर बाकीच्या उत्तरांवर अख्ख्या वर्गाला शून्य.

“शेवटची चार वाक्यं गाळली तरी पोरीले पूर्ण गुण पडते,” घरी ते बायकोला म्हणाले.

“मंग गाळा ना,” सत्यशीला भाजी निवडत म्हणाली. “कामाचं फेकून द्याची सवय हायेच तुमाले.”

पुण्यात सरांनी उत्तर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. सभागृहात कोणीतरी हसलं. अध्यक्षांनी चष्मा काढून विचारलं, “पण सर, तुम्ही तर हे दरवर्षी शिकवता. मग लावलं का नाही?”

सरांना फार लाज वाटली. सिंगापूर, जपान, कोरिया, सगळ्यांची टिपणं समोर होती, पण त्यात याचं उत्तर नव्हतं.

“साहेब,” ते म्हणाले, “आमच्या परीक्षेत हा प्रश्न कधी आलाच नव्हता.”