तिच्या फोटोतला पिवळा

हळदीचं पाकीट छापायचं तर नुसता पिवळा चालत नाही. छपाईच्या चार शायांमधला पिवळा एकटा कागदावर उतरला की हिरवट दिसतो, लिंबाकडे झुकतो. त्यात थोडी गुलाबी मिसळावी लागते, आणि ती जरा जास्त झाली की हळदीचा झेंडू होतो. सांगलीत बसून मी आयुष्यभर हेच करत आलो. मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांची पाकिटं, गुळाची लेबलं, लग्नपत्रिका. विट्याच्या, सोनं-चांदी गाळणाऱ्या गलाईवाल्यांच्या पत्रिका सगळ्यात जिवावर यायच्या. मोबाईलवर सोनं झळकतं तसंच कागदावर झळकलं पाहिजे म्हणायचे. पडदा स्वतः उजेड देतो, कागद मिळालेल्या उजेडातला थोडा गिळून उरलेला परत करतो, दोघांकडून एकच सोनं मागू नका, हे सांगून सांगून माझा घसा बसला. समोरचा ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "ते ठीक हाय, पर झळकाय पायजे."

माझं काम घरातच चाले, पुढच्या खोलीत, कॉम्प्युटरवर. शेजारच्या स्टुलावर बायको बसायची. ती कोरेगावची. रंगांचं शास्त्र तिनं कधी शिकलं नाही आणि मी शिकवायला गेलो तर उठून भाजी चिरायला जायची. मी शाईच्या टक्क्यांत बोलायचो, ती साड्यांत बोलायची. अबोली, आमसुली, डाळिंबी, चिंतामणी. पण नमुन्याचा कागद छापून आला की तिला दाखवल्याशिवाय मी तो पुढे पाठवत नसे. ट्यूबलाईटखाली ती बघायची नाही. कागद घेऊन दारात जायची, सकाळच्या उजेडात धरायची आणि तिथूनच निकाल द्यायची. शेवटच्या काही वर्षांत तिचा एकच निकाल असे: "आवं, वाईच पिवळं वाढवा की." मी कुरकुरत वाढवायचो. कोरेगावच्या माणसांना सगळंच भडक लागतं, असं चिडवायचो. ती हसायची आणि पुन्हा तेच म्हणायची.

मग ती गेली. यकृताचा आजार होता. कळला तेव्हा डॉक्टरांच्या हातात फारसं काही उरलं नव्हतं.

तेराव्याला भिंतीवर लावायचा फोटो मीच केला. दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नव्हतो. मेहुणीच्या मुलीच्या लग्नातला फोटो निवडला, आजार कळायच्या थोडे दिवस आधीचा. त्यात दोघी बहिणी शेजारी उभ्या होत्या, हिच्या अंगावर निळसर चिंतामणी रंगाची साडी होती. मेहुणीला कापून हिला एकटीला घेतलं. फोटो मला पिवळट वाटला. मांडवातल्या दिव्यांचा परिणाम असणार म्हणून मी पिवळा कमी करत गेलो, मनाला पटेपर्यंत. छापलेला कागद हातात आला तेव्हा सवयीनं दारात गेलो आणि तिथे नुसताच उभा राहिलो. तिनं न पाहिलेला तो माझा पहिला कागद होता.

तेराव्याला नातेवाईक आले. फोटोपुढे हात जोडले, जेवले, गेले. फोटोबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. मला वाटलं, सगळ्यांचा गळा दाटून आला असेल.

त्यानंतर घर फार शांत झालं. गिऱ्हाईकं पूर्वी शेजारी बसून डोकं खायची, त्यांचा वैताग यायचा. आता सगळं मोबाईलवर आलं. मी नमुना पाठवतो, तिकडून अंगठा येतो. अंगठ्याशी काय बोलणार? कित्येकदा संध्याकाळी दूधवाल्याला "अर्धा लिटर" म्हणताना लक्षात यायचं की आज तोंडातून निघालेला हा पहिला शब्द. आवाज खरखरीत यायचा. मला एकटं वाटत होतं, आणि ते कुणाला सांगायचं तर सांगायला कुणी असावं लागतं.

अशात एका जुन्या व्यापाऱ्याचा फोन आला. "मालक, पाकिटावरची हळद पीठ मिसळल्यागत दिसतीया." माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तुमच्या मोबाईलचा पडदा बघून घ्या, म्हणालो. तो म्हणाला, "मोबाईल न्हाई मालक, छापलेलं पाकीट हातात हाय." पुढच्या आठवड्यात दुसऱ्या व्यापाऱ्यानंही तेच सांगितलं. तेव्हा मुकाट्यानं मिरजेला डोळे दाखवायला गेलो.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. डॉक्टरीण बाई तरुण होत्या. म्हणाल्या, "काका, हा आजचा नाही. बरीच वर्षं तुम्ही पिवळ्या काचेतून बघताय. हळूहळू होतं, म्हणून कळत नाही. घरात कुणी बोललं नाही का?" मी नाही म्हणालो. परतीच्या बसमध्ये मला कळलं की घरातलं माणूस रोज बोलत होतं. मला न दिसणारा पिवळा ती दारात उभी राहून भरून काढत होती, आणि मी तिला भडक म्हणत होतो.

आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर घरी आलो तर आपल्याच घरात पाहुणा आल्यासारखं झालं. मलईच्या रंगाच्या समजत होतो त्या भिंती पांढऱ्या होत्या. माझी काळी पँट गडद निळी होती. आणि भिंतीवर बायको होती, पाटीसारखा निळसर करडा चेहरा झालेली. आल्यागेल्यांना वर्षभर हे दिसत होतं आणि सगळे गप्प बसले होते.

पहिल्यांदा राग आला, मग रडू आलं. मग मी कॉम्प्युटर चालू केला. फोटो नीट करायचाच होता, पण कशावर भरवसा ठेवून करू? नव्या डोळ्याला रंग खरे दिसत होते, पण त्या डोळ्यानं तिला कधी पाहिलंच नव्हतं. जुन्या डोळ्यानं पाहिलं होतं, पण तो खोटा. आठवणीतला तिचा रंगही त्याच डोळ्यातून आलेला. आमच्या धंद्यात अशा वेळी खरी वस्तू मागवतात. वस्तू उजेडात ठेवायची, फोटोतली वस्तू तिच्याशी जुळवायची, की बाकीचे रंग आपोआप जागेवर येतात. खरी वस्तू म्हणजे ती साडी. तिच्या साड्या रिवाजाप्रमाणे बायकांत वाटल्या गेल्या होत्या. चिंतामणी मेहुणीकडे गेली होती. मी कोरेगावला फोन केला.

ती दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं आली, साडी नेसूनच. दारात मी त्या पदराकडेच बघत राहिलो. "पिशवीत घालून आनली असती तर चुरगाळली असती, दाजी," ती म्हणाली. मी तिला खिडकीच्या उजेडात स्टुलावर बसवलं. फार दिवसांनी शेजारी माणूस बसलं होतं, आणि खरं सांगतो, काम लवकर संपू नये असं मला वाटत होतं.

मी मूळ फोटो उघडला, दोघी बहिणींचा. एकदा पदराकडे, एकदा पडद्याकडे बघत साडी जुळवत आणली. फोटोतलं मागचं मांडवाचं कापड पांढरं झालं. मेहुणीचा चेहरा तिच्या मूळच्या गव्हाळ रंगावर आला. आणि शेजारी उभी असलेली माझी बायको पिवळी झाली.

"चुकतंय काहीतरी," मी म्हणालो.

"बराबर हाय की," मेहुणी म्हणाली.

"बरोबर कसं? पिवळी दिसतीय ती."

"पिवळीच हुती अक्का तवा." ती पडद्याकडेच बघत होती. "डोळं बी पिवळं झालं हुतं. लग्नात समद्यांनी बगितलं."

"मला कुणी बोललं नाही."

ती पदराशी चाळा करत राहिली. "आमाला वाटलं, तुमी रंगातलं मानूस, तुमाला पैलं दिसलं आसंल. म्हून अक्कालाच इचारलं. ती म्हनली, त्यास्नी पिवळा दिसत न्हाई आता, त्येच बरं हाय. तुमी कुनी सांगू नगा. पोरीचं लगीन उरकू दे, मग दवाखान्यात जाते." मग तिचा आवाज फुटला. "माज्या पोरीचं लगीन हुतं, दाजी. मीबी गप बसले."

तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि आत जाऊन चहा ठेवला. दुपारच्या गाडीनं ती परत गेली.

पिवळा मी कमी केला नाही. जसा होता तसा फोटो छापला, निळसर फोटो उतरवून तिथे लावला. येणारे म्हणतात, आधीचा बरा होता. मी म्हणतो, ती अशीच होती, मला दिसली नव्हती.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन अजून राहिलंय. डॉक्टरीण बाई फोन करतात, मी पुढच्या महिन्यावर ढकलतो. सकाळी चहा घेताना फोटोसमोर बसतो आणि उजव्या डोळ्यावर हात धरतो. डाव्या डोळ्याला अख्खं घरच पिवळट दिसतं, त्यात तिचा पिवळेपणा वेगळा निघत नाही. चिंतामणी नेसून भाचीच्या लग्नाला उभी राहिलेली ती तिथे अगदी बरी दिसते.