कार्डाबाहेरची मुलं

आमचे बाबा, श्यामकांत देवस्थळी, केंद्र सरकारच्या एका खात्यात आकडेमोडीचं काम करायचे आणि दिवसाढवळ्या स्वप्नं बघायचे. दिल्लीत सरोजिनी नगरातल्या आमच्या सरकारी क्वार्टरमधून भाजीला निघाले की रिकामी पिशवी घेऊन परत यायचे. मला भयंकर राग यायचा. आई म्हणायची, "उल्का, चिडू नकोस. परत यायला ते गेले होते कुठे?"

मी कॉलेजात असताना त्यांच्याकडे एक फाइल आली. कामगारांसाठी एक सरकारी आरोग्य विमा योजना होती. घराला एक कार्ड आणि कार्डावर पाचच नावं. नवरा-बायको आणि म्हातारे आईवडील धरले की एकाच मुलापुरती जागा उरायची. आता घरातली सगळीच मुलं योजनेत घ्यायची होती आणि त्याला खर्च किती येईल ते बाबांनी सांगायचं होतं. कार्डावरच्या मुलामागे जेवढा खर्च होई, तेवढाच त्यांनी बाहेरच्या प्रत्येक मुलामागे धरला. आकडा ठरलेल्या मर्यादेच्या दीडपट आला. साहेब म्हणाले, "देवस्थळी जी, सोमवार तक देख लीजिए. नहीं तो फाइल बंद."

जानेवारीतला शनिवार होता. धुकं अजून पुरतं विरलं नव्हतं. बाबा गच्चीवर खुर्ची टाकून अर्धवट डोळे मिटून बसले होते.

"मुलं आलीयत," ते म्हणाले.

"कुठली?"

"कार्डाबाहेरची. धुक्यातून एकेक करून येतायत. गच्ची भरली बघ. पण त्यांना चेहरे नाहीत गं. मी त्यातलं एकही मूल पाहिलेलं नाही ना!"

"बाबा, प्लीज! दोन दिवस उरलेत तुमच्या हातात."

ते उठले, बूट चढवले आणि दिल्लीबाहेर मानेसरला, कामगारांच्या वस्तीत, निघाले. एकटे गेले तर भलतीकडेच उतरतील, म्हणून आईनं मला मागे धाडलं.

कारखान्यांमागच्या एका गल्लीत फूलवती नावाच्या बाईनं आम्हाला कार्ड दाखवलं. त्यावर ती, नवरा, सासू, सासरे आणि मुलगा रिंकू. दारात सात वर्षांची सुनैना लंगडीच्या उड्या मारत होती. तिचं नाव नव्हतं.

"लड़की है, इसलिए छोड़ दिया?" मी फटकन विचारलं.

"एक ही जगह थी, बेटी. रिंकू को दमा है. ये तो कभी बीमार ही नहीं पड़ती."

मी चांगलीच ओशाळले. त्या गल्लीत आम्ही अकरा घरं फिरलो. बहुतेक घरांत हीच रीत होती. ज्या मुलाचं दुखणं जास्त, त्याचं नाव कार्डावर.

परतीच्या ऑटोत बाबा एकदम हसायला लागले. "उल्का, आजारी मुलं आधीच आत आहेत! बाहेर राहिलीयत ती धडधाकट. त्यांना खर्च कमी येणार. माझंच चुकलं."

एका गल्लीवरून आकडा बांधता येत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. रविवारभर त्यांनी जुन्या पाहण्यांचे कागद उपसले. कार्डावरची मुलं इतर मुलांच्या दुप्पट वेळा दवाखान्यात जात होती. आकडा मर्यादेत बसला आणि फाइल मंजूर झाली. नवी कार्डं जुलैपासून मिळणार होती. बाबा आठवडाभर तरंगत होते. मलाही त्यांचा अभिमान वाटला, फक्त मी तो बोलून दाखवला नाही.

मार्चअखेर पेढे घेऊन आम्ही फूलवतीकडे गेलो. सुनैना खाटेवर पडून होती. अंगात ताप होता आणि गुडघे सुजले होते. डॉक्टरांनी दाखल करायला सांगितलं होतं.

बाबांनी जुलैची बातमी दिली. फूलवतीनं ती नीट ऐकून घेतली.

"और तब तक, साहब? दफ़्तर वाले बोले, बच्चे की जगह बच्चे का ही नाम चढ़ेगा. रिंकू का काट दूँ?"

तिनं कोरा अर्ज बाबांपुढे केला. तिला लिहिता येत नव्हतं.

बाबांनी पेन काढलं. रिंकू त्यांच्या खांद्याशीच उभा राहून बघत होता. त्याच्या छातीतली घरघर मला ऐकू येत होती. बाबांनी 'कमी करायचं नाव' असं लिहिलेल्या रकान्यात रिंकूचं नाव लिहिलं आणि खालच्या रकान्यात सुनैनाचं.

परतताना मी त्यांचा हात धरून म्हटलं, "बाबा, तुमच्यामुळे केवढी मुलं आत आली."

त्यांनी ते ऐकलंही नाही. ते बोटांवर काहीतरी मोजत होते.

"एप्रिल, मे, जून," ते म्हणाले. "धुळीच्या वादळांचे महिने, उल्का. त्या पोराला हेच तीन महिने जड जाणार."

मला रडू फुटलं.