नलूमावशींची एटीव्ही

नलूमावशी चिडल्या की आधी चष्मा काढून ठेवायच्या. समोरचा माणूस धूसर दिसला की मनातलं स्पष्ट बोलता येतं, असं त्या सांगत. मी अमेरिकेत, बॉथेलला आल्यापासून तो चष्मा त्यांच्या डोळ्यांवर कमी आणि टेबलावरच जास्त पाहिला.

मूळच्या सांगलीच्या या बाई इथल्या इस्पितळात जन्मभर भूल देणाऱ्या डॉक्टर होत्या. नवरा गेल्यावरही गावाबाहेरच्या घरात एकट्याच राहिल्या. घरामागच्या चढावर त्यांनी स्वतः लावलेली सफरचंदाची झाडं होती. गुडघे कुरकुरायला लागले आणि झाडांपर्यंत पोचणं जमेना, तेव्हा त्यांनी एक जुनी एटीव्ही घ्यायचं काढलं. चार जाड टायर, मोटारसायकलसारखं हँडल, शेतात-रानात कुठेही चढणारी गाडी. इथल्या मराठी मंडळात बरेच दिवस हा हसण्याचा विषय होता.

गाडी बघायला त्यांनी मला सोबत नेलं. विकणारा डग नावाचा शेतकरी तसा भला, पण इंजिन, ब्रेक, सगळं माझ्याकडे बघून समजावत होता. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मावशींनी चष्मा काढला. हा मला फक्त घेऊन आलाय, गाडी मी चालवणार आहे, असं त्याला इंग्रजीत सुनावलं आणि गाडीवर बसून त्याच्या शेताला चक्कर मारून आल्या.

अशा करारी बाई! आणि घेतलेल्या गाडीची नोंद करताना लायसन्सिंग ऑफिसच्या काउंटरवर मालकाचं नाव विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं समीरचं, म्हणजे मुलाचं. तो सुट्टीला कॅलिफोर्नियातल्या सांता क्लाराहून आलेला होता, त्यानं लगेच सही ठोकली. मी तिथेच विचारलं, मावशी, तुमच्या नावावर का नाही? तर म्हणाल्या, "अरे, माझ्यामागे त्याला कटकट नको." घरची मोटारही आधी नवऱ्याच्या आणि मग मुलाच्या नावावर. आपल्यात पैसे बाईनं भरायचे, नाव पुरुषाचं लागायचं आणि वर याला सोय म्हणायचं. मला तेव्हाही संताप आला होता.

पुढे मावशी हेल्मेटखालून अंबाडा बाहेर काढून रोज चढावर जायच्या. मागे पोतं बांधून सफरचंदं आणायच्या आणि आम्हाला मुरांबा पोचता करायच्या. मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मी त्यांना घरी आणलं, तेव्हा वॉकर घेऊन त्या आधी शेडकडे गेल्या. शेड रिकामी होती. त्या इस्पितळात असताना समीरनं गाडी डगलाच परत विकून टाकली होती.

त्यांनी तिथूनच फोन लावला, स्पीकरवर.

"आई, इट्स नॉट सेफ. पडलीस तर कोण बघणार?" समीर म्हणाला. "आणि गाडी माझ्याच नावावर होती ना?"

मावशींनी चष्मा काढून वॉकरला अडकवला. "समीर, मी जन्मभर माणसांना भूल दिली. पण आधी त्यांना विचारून." आणि फोन ठेवला.

मंडळातल्या लोकांचं म्हणणं, पोरानं काळजीपोटीच केलं. हा शब्द ऐकला की अजून माझं डोकं फिरतं. काळजी होती तर एकदा विचारायला काय झालं होतं? त्या चढावर पुन्हा जाता यावं म्हणून तर त्या बाईनं गुडघा कापून घेतला होता.

काठीवर चालता यायला लागल्याबरोबर मावशींनी मला डगकडे न्यायला लावलं. तो बिचारा ओशाळला, त्याला वाटलं होतं त्यांनीच विकायला सांगितलंय. या वेळी तो फक्त त्यांच्याकडे बघून बोलत होता. मावशींनी आपलीच गाडी पुन्हा विकत घेतली. काउंटरवर एकेक अक्षर सांगून स्वतःचं पूर्ण नाव लिहायला लावलं. आणखी कुणाचं नाव घालायचं का, असं क्लार्कनं विचारलं, तर नकारार्थी मान हलवली. घरी आल्यावर शेडपुढे नारळ फोडला.

त्या वर्षीची सफरचंदं त्यांनीच उतरवली. हिवाळा लागताना त्यांचा फोन आला, डगकडे जायचंय. नजर अधू होत चालली होती, डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली होती आणि त्या समीरकडे राहायला निघाल्या होत्या. "आता चष्मा घालूनही सगळे धूसरच दिसतात. बोलायला बरं," असं म्हणून हसल्या. मला मात्र हसू येईना. एवढा खटाटोप करून परत आणलेली गाडी, आणि शेवटी पुन्हा डगलाच? मग समीरचं काय चुकलं होतं, असं मी रागाच्या भरात बोलून गेलो.

मावशी डगच्या ओट्यावर बसल्या होत्या. मालकीचा कागद डोळ्यांशी धरून विकणाऱ्याची जागा त्यांनी बोटानं शोधली आणि सावकाश पूर्ण सही केली.

"विकायचीच होती रे," त्या म्हणाल्या. "पण ती मी विकायची होती."

मग त्यांनी किल्ली डगच्या हातात दिली, आणि समीरला फोन लाव म्हणाल्या, त्याला सांगायचंय की मी येतेय.