नर्सबाईची कवडी घोडी

बया अर्जुना गोरड हिनं सांगलीच्या नर्सिंगच्या वसतिगृहात दोन वर्षं एक गोष्ट कुणाला कळू दिली नाही. तिला घोड्यावर बसता येतं, ही ती गोष्ट.

आटपाडीकडच्या माळावर तिच्या बापाची मेंढरं होती आणि मेंढरांमागं बिऱ्हाड वाहायला दोन घोड्या होत्या. बया चालायला शिकली त्याच्या आधी घोडीवर बसली, आणि तेही काही राजकन्येसारखी नव्हे. एका अंगाला कोकरू, दुसऱ्या अंगाला कोंबड्यांची डाल आणि मधे ही. पण खोलीतल्या पोरींनी विचारलं तेव्हा तिनं सांगितलं, "वडलांची शेती आहे." 'हाय'चं 'आहे' करायला तिला सहा महिने लागले होते. ते घोडीसारख्या कारणावरून वाया जाऊ देणं तिला परवडणारं नव्हतं.

त्र्याहत्तरच्या जूनमध्ये नेमणूक झाली. पाटणच्या पुढं, कोयनानगरच्या रस्त्याला एका खोलीचं उपकेंद्र. भिंतीवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण, बाहेर एक जांभळीचं झाड आणि हद्दीत सात वाड्या. पाटणला मोठे डॉक्टर वडगावकर यांनी तिला नकाशा दाखवला. नकाशावर सातही वाड्या एका तळहातात मावत होत्या. बयाला वाटलं, सकाळी निघून जेवायला घरी.

पांढरी साडी, नवी छत्री आणि नव्या चपला घालून ती निघाली. चपला पहिल्या आठवड्यात गेल्या. छत्री तिसऱ्या दिवशीच उलटी होऊन ओढ्यात गेली होती. डोंगरमाथ्याच्या सपाटीवर, म्हणजे सड्यावरच्या वाडीत तिचा पहिला प्रवेश झाला तो बसून झाला. उतारावर पाय सटकला आणि ती घसरत घसरत थेट एका गोठ्याच्या मागं जाऊन थांबली. बायका धावल्या. कुणी हळद आणली, कुणी गरम पाणी. नर्स आलीय हे कळायला त्यांना बराच वेळ लागला, कारण सगळ्यांना वाटलं होतं की पेशंट आलाय.

त्या गर्दीत एक म्हातारी मागं उभी होती. राहीबाई तिचं नाव. सातही वाड्यांची सुईण. चाळीस वर्षांत तिच्या हाताखालून निम्मा डोंगर जन्माला आला होता. ती पुढं आली, बयाच्या घोट्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "मोडलं न्हाई. पर पोरी, आमच्या बाया अडल्या तर तू हितवर यायच्या आधी पोरगं चालाय लागंल."

हे बोलणं बयाला झोंबलं, कारण ते खरं होतं.

दिवाळीनंतर एका सकाळी तिचा बाप, अर्जुना, उपकेंद्राच्या दारात उभा राहिला. पाच दिवस चालत आला होता. हातात दोरी, आणि दोरीच्या टोकाला कवडी. तांबूस अंगावर पांढरे ठिपके असलेली, सहा वर्षांची, रागीट कानांची घोडी.

"आप्पा, ह्ये काय आणलंस?"

"तुझी कवडी."

"मी आता सरकारी नोकर हाय."

"मग? सरकारचं पाय दुखत न्हाईत व्हय?"

बयानं खाली पाहिलं. तिचे पाय त्या वेळी गरम पाण्याच्या घमेल्यात होते.

अर्जुना दोन दिवस राहिला, जांभळीखाली चार मेढी रोवून, गवत टाकून गोठा करून गेला. तो वळणाआड झाला तसं बयानं सगळीकडं पाहून घेतलं, लुगड्याचा काष्टा घातला आणि घोडीवर मांड टाकली. अडीच वर्षांनी. तिला वाटलं, अंगात पुन्हा तो माळ भरतोय. कवडीला तसं काही वाटलं नसावं. तिनं दहा पावलांवर बाईला करवंदीच्या जाळीत ठेवलं आणि जागेवर येऊन चरायला लागली.

पुढच्या आठ दिवसांत दोघींचं जमलं. तीन तासांची वाडी पाऊण तासावर आली. आता अडचण उरली होती ती साडीची. पांढऱ्या पाचवारी साडीत घोड्यावर बसता येत नाही, आणि काष्ट्याचं लुगडं नेसून वाडीत शिरलं तर नर्स दिसत नाही. बयानं तोड काढली. घोडीवर लुगडं, आणि प्रत्येक वाडीच्या अलीकडं जाळीमागं जाऊन पांढरी साडी. जाताना पुन्हा उलटं. दिवसाला तीन वाड्या म्हणजे सहा वेळा नेसणं. लसीकरणाला जेवढा वेळ लागायचा, त्याहून जास्त वेळ या नेसण्यात जायचा. आपण हे अगदी गुपचूप करतोय असं ती महिनाभर समजत होती. मग एका वाडीत एक बाई सहज बोलून गेली, "आवं बाई, त्या जाळीत इंचू हायती. आमच्या खळ्यामागं नेसत जावा की."

त्यानंतर तिनं नऊवारी पांढरं लुगडंच घेतलं. वडगावकर डॉक्टरांनी चष्म्याच्या वरून पाहिलं. म्हणाले, "गणवेश पांढरा असावा एवढंच लिहिलंय. किती वार ते लिहिलेलं नाही." आणि विषय संपला.

घोडी आणि नोकरी एकत्र ठेवायची म्हणजे काय, ते बया मग हळूहळू शिकली. पहाटे घोडीचं शेण आणि खरारा, मग रजिस्टर. रजिस्टरला शेणाचा वास, घोडीच्या पाठीला स्पिरिटचा. पावसाळ्यात तर कहरच. माळावरच्या कवडीनं जन्मात एवढं पाणी पाहिलेलं नव्हतं. सर आली की ती झाडाखाली थांबायची आणि सर थांबेपर्यंत हलायची नाही, आणि त्या मुलखात सर थांबते ती दसऱ्याला. बया वर भिजत बसायची, पोतं पांघरून, मांडीवर लशीचा डबा घेऊन. एकदा वरून पाटणचा एक माणूस चालत आला, तिला बघून थांबला आणि म्हणाला, "बाई, काय नवस हाय का?"

दर बुधवारी खालच्या वाडीत केरबा दुकानदाराच्या ओट्यावर बायकांची बैठक व्हायची. केरबाकडं मीठ-गूळ वर वाहायला एक तट्टू होतं, बुटकं, पोट सुटलेलं, एका कानाला चीर गेलेलं. त्याच्या शेजारी कवडीला बांधून बया ओट्यावर चढायची आणि तासभर बोलायची. दोन किंवा तीन पुरेत, पाळणा लांबवा, अंतर ठेवा. बायका पदराआड हसायच्या. बयाला वाटायचं, लाजतायत.

चौऱ्याहत्तरचा पावसाळा सरला तशी कवडी अंगानं भरली. बयाला फार बरं वाटलं. माळावर जनावरांच्या बरगड्या मोजत मोठी झालेली ती, तिनं बापाला कार्ड टाकलं, "कवडीला कोयनेचं गवत मानवलं. पोट बघशील तर ओळखणार नाहीस."

मार्गशीर्षात सड्यावरच्या वाडीत ती एका बाळंतिणीला बघायला गेली. राहीबाई उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसली होती. बया उतरली, पिशवी काढली. राहीबाईनं सुपातून नजर वर केली.

"नर्सबाई, घोडी कितव्यात हाय?"

"कितव्यात म्हंजे?"

"म्हंजे कितव्या महिन्यात."

बया हसली. "आवं आज्जी, गवतानं सुटलीय ती."

राहीबाई सूप बाजूला ठेवून उठली, कवडीच्या पोटाखाली हात लावून डोळे मिटून उभी राहिली. मग बयाचा हात धरून तिथंच लावला. आतून काहीतरी हललं. बयाच्या तळहाताला एक लाथ बसली, बारीक पण स्पष्ट.

"आठवा," राहीबाई म्हणाली. "सर्टिफिकीट सांगलीचं का कुठलं म्हनलीस?"

सरकारमान्य दाई-परिचारिका बया गोरड, जिनं त्या वर्षी एकवीस गरोदर बायकांची नोंद केली होती, ती आठ महिने बाविसावीच्या पाठीवर बसून फिरली होती. दोन वर्षांचं नर्सिंग राहू दे, धनगराच्या पोरीला कळू नये? ती त्या दिवशी घोडीला हातात धरून डोंगर उतरली. वाटेत दोनदा थांबून तिनं कवडीची माफी मागितली. कवडीनं पिशवीतली भाकरी काढून खाल्ली.

केरबाला तिनं गाठलं. तो तराजूमागं उभा होता.

"केरबा, तुमच्या तट्टानं काय केलं म्हाईती हाय का?"

"बाई, तुमीच दर बुधवारी आणून बांधत होता," केरबा म्हणाला. "मला वाटलं तुमच्या मनातच हाय."

आणि मग बयाला त्या हसण्याचा अर्थ लागला. ती अंतर ठेवा म्हणून सांगत असताना खाली काय चाललंय, ते ओट्यावरच्या सगळ्या बायकांना दिसत होतं. तिची एकटीचीच पाठ तिकडं होती.

बातमी सातही वाड्यांत गेली. कुठंही गेली की पहिला प्रश्न घोडीचा. जोतीराम नावाचा सहा पोरांचा बाप, जो तिला पाहिलं की रानात पळायचा, तो मुद्दाम वाटेत उभा राहिला. "बाई, आदी घरात सांगा, मग आमाला."

बयाला रडू यायला हवं होतं. पण तिला हसू फुटलं आणि ती बांधावरच बसली. म्हणाली, "सांगितलं रं. पर ती बी तुझ्यासारखीच, ऐकून घ्यायच्या टायमाला रानात."

जोतीरामही हसला. बायकोला दवाखान्यात मात्र त्यानं पाठवलं नाही. ती आपल्या आपण आली, पुढच्या आठवड्यात, घोडीला बघायचं निमित्त करून. मग आणखी दोघी आल्या. जांभळीखाली कवडीच्या पोटाला हात लावत उभ्या राहायच्या आणि बोलता बोलता स्वतःच्या पोटाबद्दल बोलायच्या. ओट्यावरच्या बैठकीत वर्षभर जे कुणी विचारलं नव्हतं, ते तिथं घोडीच्या आडून विचारलं गेलं. बयाला हे यश म्हणून कुठं लिहावं ते कळेना. रजिस्टरात त्याला रकाना नव्हता.

ती मात्र पुन्हा पायी. तीन महिने. गावकऱ्यांनी असं चित्र पाहिलं की नर्स घामाघूम होऊन चढतेय आणि तिची घोडी खाली सावलीत उभी राहून गूळ खातेय.

पंच्याहत्तरच्या फाल्गुनात वडगावकर डॉक्टरांची तपासणी ठरली, सकाळी नऊला. त्याच दिवशी उजाडता कवडी आडवी झाली. राहीबाई आदल्या दिवशीच खाली येऊन राहिली होती; घोडीची चाल बघून ती म्हणाली होती, उद्या. बयानं हात साबणानं धुतले, डेटॉलनं धुतले, नखं कापली. राहीबाईनं विचारलं, "घोडीसाठी?" बया म्हणाली, "कुणाबी साठी." म्हातारीनंही हात पुढं केले आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा साबण मागितला.

एकच पाय आला होता, दुसरा मागं अडकलेला. राहीबाई सांगत गेली, बया करत गेली. कळ आली की थांब, कळ गेली की आत ढकल, बोटं खुरावर ठेव. खांद्यापर्यंत घामानं आणि बाकी कशाकशानं भिजलेली बया जांभळीखाली आडवी पडली असताना जीप आली, डॉक्टर उतरले, उपकेंद्राला कुलूप पाहून हाका मारत राहिले. तिला ऐकू आलं, पण उठता येईना. साडेदहाला शिंगरू बाहेर आलं. डॉक्टर तोवर मागं येऊन उभे होते. त्यांनी कोट काढून गुपचूप हातावर घेतला होता.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"नर," राहीबाई म्हणाली.

तपासणीच्या वेळी कुलूप होतं, ही नोंद त्यांना करावीच लागली. खुलासा मागितला गेला. बयानं लिहिलं, "घरातील बाळंतपणामुळे हजर राहता आले नाही." महिन्यानं साताऱ्याच्या कार्यालयातून पत्र आलं, "आपण अविवाहित असल्याची नोंद आहे. बाळंतपण कोणाचे, नाते कळवावे." तिनं कळवलं, "घोडीचे. नाते, पाळीव." त्यावर पत्र आलं, "उपकेंद्रात घोडी कोणत्या आदेशान्वये ठेवली?" शेवटी वडगावकरांनी फायलीवर 'डोंगरी भाग' असं काहीतरी लिहिलं आणि फाईल कुठंतरी थांबली. बयाला लेखी समज मिळाली. ती तिनं जपून ठेवली आहे.

शिंगराच्या एका कानाला जन्मतः चीर नव्हती, एवढं सोडलं तर ते हुबेहूब केरबाच्या तट्टावर गेलं होतं. केरबानं वर्षभर गिऱ्हाइकांना ते अभिमानानं दाखवलं.

त्याच वर्षीच्या श्रावणात राहीबाईचा पाय मुरगळला, बया तो बांधायला तिच्या घरी गेली होती, आणि नेमकं तेव्हाच सगळ्यात वरच्या वाडीतून एक माणूस पळत आला. सून अडली होती, पायाळू होतं. नर्सला हात लावू देणार नाही, राहीबाईच पाहिजे, असं म्हणत होती. राहीबाई म्हणाली, "मला न्हाई चालवत. तू जा, माझं नाव सांग."

"नावानं सुटका होत न्हाई आज्जी," बया म्हणाली. तिनं कवडीला आणलं. जन्मात कशावर न बसलेल्या त्या म्हातारीला दोन बाप्यांनी उचलून वर ठेवलं.

पाऊस होता. कवडी प्रत्येक झाडापाशी थांबायला बघत होती आणि बया पुढून लगाम ओढत तिला शिव्या देत होती, सगळ्या आटपाडीच्या, एकही सांगलीची नाही. वाटेतल्या लोकांना दिसलं ते असं. वर राहीबाई, मांडीवर सरकारी पिशवी, डोक्यावर सरकारी छत्री. खाली गुडघाभर चिखलात सरकारी नर्स. मागं बुटकं शिंगरू. जोतीरामनं हात जोडले, पण ते वर बसलेलीला.

मूल झालं, मुलगी, दुपारच्या आत. राहीबाईनं धीर दिला, बयानं हात घातला. घरच्यांनी दोघींना भात वाढला. घोडीला आधी वाढला होता.