अख्खं अंबरनाथ हळहळलं

माईक हातात आला की मी सुटतो. अंबरनाथ पश्चिमेत कुणाची दशक्रिया असली की ‘दोन शब्द’ बोलायला मलाच बोलावतात, आणि माझा ठेवणीतला शब्द एकच: हळहळ. तसा तो कुठेही चालतो. आंब्याची फोड मातीत पडली तरी आपण हळहळतो, सामना एका धावेने हरलो तरी हळहळतो. पण दशक्रियेला, जरा थांबून, आवाज खाली आणून म्हटला की पुरुषसुद्धा रुमाल काढतात.

आमच्याच बिल्डिंगमधले चौथ्या मजल्यावरचे शेजारी वारले. आठ महिने अर्धांगवायूने पडून होते. दशक्रियेला मी म्हणालो, “आज अख्खं अंबरनाथ हळहळतंय.” रुमाल निघाले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोने मला वर बोलावलं. मला वाटलं, वहिनी आभार मानतील. त्यांनी वही-पेन पुढे ठेवलं.

“भाऊजी, कोण कोण हळहळलं त्यांची नावं लिहा. तेराव्याला तेवढ्यांनाच जेवायला सांगते.”

“वहिनी, तसं बोलायची पद्धत असते.”

“मग एक तरी लिहा. यांना कुशीवर वळवायला दुसरा माणूस मिळत नव्हता मला. आठ महिन्यांत दूधवाल्याशिवाय कुणी बेल वाजवली नाही.”

मी पहिल्या मजल्यावर राहतो. वर काय चाललंय ते मला ठाऊक होतं, आणि वहिनी जिन्यात दिसल्या की मी अगदी मनापासून हळहळायचो. पेन उघडलं, पण स्वतःचंसुद्धा नाव लिहवेना. वही तशीच परत दिली.

“बरं,” त्या म्हणाल्या, “मग घरच्यापुरताच स्वयंपाक करते.”