मोकळा कोपरा

"इथे काही ठेवायचं नाही. काही म्हणजे काहीच नाही!"

असं म्हणून सर नव्या सर्किट बोर्डाच्या एका कोपऱ्यावर अंगठा ठेवायचे. अंगठा उचलला की तो कोपरा कोणीतरी पळवेल, अशा भीतीने बराच वेळ तसेच उभे राहायचे.

माजिवड्याजवळच्या आमच्या छोट्या कंपनीत ते डिझाइनला होते आणि मी खरेदी खात्यात. म्हाताऱ्या माणसांसाठी आम्ही बिनतारी घंटा बनवतो. गळ्यात एक बटण आणि दुसऱ्या खोलीत प्लगला लावलेला डबा. बटण दाबलं की डबा वाजतो. डब्यातल्या वायरलेस मॉड्यूलच्या अँटेनाजवळ धातू नको आणि विजेचा गोंगाट करणारा कुठलाही भाग नको, एवढंच सरांचं म्हणणं. पण तेवढ्यासाठी ते अख्ख्या कंपनीशी भांडायचे. तुमच्याही ऑफिसात असं कोणी असेल. सांगतो ते खरं, पण सांगण्याची रीत अशी की ऐकावंसं वाटत नाही. डब्यातल्या बॅटरीच्या चार्जिंगचा, मालकांनी मागवायला लावलेला स्वस्त भाग मी दाखवला, तर तो टेबलावर आपटून म्हणाले, "अगं, हा पार्ट आहे की मासळीबाजार?"

तपासायची यंत्रं होती, पण सर आधी खिशातला जुना ट्रान्झिस्टर काढायचे. दोन स्टेशनांच्या मधे लावून तो बोर्डावरून सावकाश फिरवायचे. जिथे खरखर वाढेल तिथे पेन्सिलीने फुली. "आधी ह्याला गप्प करा, मग अँटेनाचं बोलू." जेवणाच्या सुट्टीत त्याच ट्रान्झिस्टरवर गाणी लावायचे आणि सोबत गुणगुणायचे. गळा अगदीच बेसूर होता.

आमच्या मालकांच्या वडिलोपार्जित शेतावर आता इमारतींचे टॉवर उभे आहेत. रिकामी जागा बघितली की त्यांचा जीव गुदमरतो.

"सर, डबा लहान करा ना. एवढी जागा फुकट सोडताय?"

"फुकट नाही. तिथूनच त्याला ऐकू येतं."

"जागेचं मला नका शिकवू, सर. आमच्याकडे फूटभर पण कोण सोडत नाही."

सरांना न विचारता डबा लहान झाला. तो स्वस्त भाग मोकळ्या कोपऱ्यात शिरला आणि वर, नेमकी अँटेनावर, कंपनीच्या नावाची चकचकीत पत्र्याची पट्टी बसली. मीटिंगमध्ये सरांनी ट्रान्झिस्टर नव्या डब्याजवळ नेला, तर कानांवर हात ठेवावेत अशी खरखर. मालकांनी शांतपणे बटण दाबलं आणि डबा वाजला.

"वाजला ना?"

"टेबलावर वाजणारच. भिंतीपलीकडून वाजवून दाखवा."

"सर, गिऱ्हाईक रेडिओ ऐकायला घेत नाही हे."

सगळे हसले. विक्रीसाठी लागणारं प्रमाणपत्र सरांच्या जुन्या, मोठ्या डब्यावर आधीच मिळालेलं होतं. त्यावरच नवा डबा विकायला लागले.

तक्रारी आल्या की उत्तर ठरलेलं असायचं, "म्हातारी माणसं नीट दाबत नाहीत." त्या वाक्याचा मला अजून संताप येतो.

एक दिवस डोंबिवलीहून एक बाई पिशवीत डबा घेऊन आल्या. त्यांचे वडील बाथरूममध्ये पडले होते. "मी शेजारच्याच खोलीत होते हो. बाबा म्हणतात, मी दाबत होतो. तुमच्या माणसाने फोनवर सांगितलं की त्यांनी दाबलंच नसेल. मग मी बाबांनाच ओरडले. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत."

सरांनी डबा हातात घेतला आणि ती चकचकीत पट्टी नखाने सोलून काढली. मालक दारातच उभे होते.

"त्यांनी बरोबर दाबलं होतं," सर म्हणाले. "डबा आमचा बहिरा आहे. घरी जाऊन आधी हे त्यांना सांगा."

बाई तिथेच रडायला लागल्या. सरांना त्याच संध्याकाळी उद्यापासून येऊ नका असं सांगण्यात आलं. टेबल आवरायलाही थांबू दिलं नाही, ट्रान्झिस्टर तिथेच राहिला. मी फोन करून विचारलं, "सर, ट्रान्झिस्टर पाठवू का?"

"राहू दे तिथेच. कोणीतरी ऐकेल."

गेल्या वर्षी सर कोपरला, राहत्या घरी वारले. ऑफिसातून मी एकटीच गेले होते. मालकांना वेळ नव्हता, नवीन मॉडेल यायचं होतं. कोपऱ्यातला भाग तोच आणि पट्टी आधीपेक्षा मोठी. मी अजून तिथेच आहे, आणि तो भाग मीच मागवते.

परवा असेंब्लीतल्या मुलींना कपाटात सरांचा ट्रान्झिस्टर सापडला. त्यांनी नवे सेल घातले आणि गाणी ऐकायला तो टेबलावर, चालू डब्यांच्या रांगेशेजारी ठेवला. थोड्या वेळाने एक जण तो घेऊन माझ्याकडे आली.

"ताई, हा रेडिओ कामातून गेलाय. नुसता खरखरतो. भंगारात टाकू?"

मी तो पर्समध्ये टाकला. नौपाड्याला घरी आले, खिडकीत ठेवला आणि लावला. गाणं चालू होतं. जराही खरखर नव्हती.