मावशीला आणायला

फोन आला तेव्हा गाडी तलासरी स्टँडवर लागली होती आणि मी मागच्या सीटवर बसून डबा खात होते. मी एसटीत कंडक्टर आहे, तेव्हा डहाणू आगारात होते. फोनवर एक बाई हिंदीत बोलत होती आणि तिचं प्रत्येक वाक्य जरा उशिराने माझ्यापर्यंत पोहोचत होतं. मी बोलायला तोंड उघडलं की तिचं मागचं बोलणं मध्ये यायचं. त्यावरूनच ओळखलं, फोन कॅम्पबेल बेचा आहे.

कॅम्पबेल बे म्हणजे ग्रेट निकोबार बेटावरचं गाव, देशाच्या अगदी खालच्या टोकाचं. माझी मावशी तिथे राहायची. तिचे यजमान फौजेतून निवृत्त झालेले. सरकारने त्या बेटावर फौजींना जमिनी दिल्या, त्यांनाही मिळाली. मावशी बोर्डीहून लग्न करून थेट तिकडेच गेली. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. पुढे ती एकदाच आली, आजोबा गेले तेव्हा. जहाज वेळेवर मिळालं नाही म्हणून तेरावं उरकल्यावर पोहोचली. मग सुनामी आली. काका गेले, घर गेलं, नारळाची बाग गेली. मूलबाळ नव्हतंच. परत ये म्हणून आम्ही सगळ्यांनी तिला विनवलं. ती आली नाही. सरकारने बांधून दिलेल्या घरात एकटी राहिली.

फोनवरची बाई तिची शेजारीण होती. पंजाबी, तीही फौजीचीच बायको. "पेट फूल गया है, खाती कुछ नहीं," ती म्हणाली. "डॉक्टर बोलते हैं पोर्ट ब्लेअर ले जाओ. ले जानेवाला कोई है नहीं. आप लोग आ जाओ."

ही २०१७ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. ड्युटी संपवून मी बोर्डीला आईकडे गेले. आई वखारीतून नुकतीच आली होती. हंगामात ती चिकू निवडायला जायची. हाताला चीक लागलेला, तो खोबरेल तेलाने पुसत ओटीवर बसली होती. मी सगळं सांगितलं. ती पुसतच राहिली.

"मी जाऊन आणते तिला," मी म्हणाले.

"तुला ती ओळखणार पण नाही," आई म्हणाली. "मी येते."

आमच्या घरापासून समुद्र हाकेच्या अंतरावर, पण आई जन्मात कधी होडीत बसली नव्हती. गुडघे दुखायचे तिचे. मी तसं म्हणाले तर ती उठून आत गेली आणि ट्रंक उघडून बसली.

पोर्ट ब्लेअरपर्यंत विमानाने गेलो. पुढे सरकारी जहाज. ते कधी सुटणार हे आदल्या दिवसापर्यंत कुणालाच ठाऊक नसायचं. दक्षिणेत वादळ होतं. रोज सकाळी मी जेट्टीजवळच्या तिकीट खिडकीवर जायची आणि रोज 'कल आना' ऐकून परत यायची. इतकी वर्षं मी दुसऱ्यांना सांगत आले होते, गाडी रद्द आहे, पुढच्या गाडीने जा. ते ऐकून माणसं का चिडतात ते त्या खिडकीपाशी कळलं. लॉजमध्ये आई खिडकीत बसून असायची. फोन लागला की शेजारणीला एकच विचारायची, "जागी आहे का?"

अखेर तिकीट मिळालं, बंकचं. बंक म्हणजे जहाजाच्या पोटात, जवळपास पाण्याच्या पातळीला, लोखंडी फळ्यांवर फळ्या. डिझेलचा वास, त्यात लोकांच्या ओकाऱ्यांचा. जहाज बंदराबाहेर पडलं आणि हलायला लागलं, तशी शेजारची दोन कुटुंबं आडवीच झाली. मीही झाले. आई मात्र फळीच्या कडेला दांडा धरून ताठ बसली होती, जणू तिने सोडला तर जहाज उलटेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी कार निकोबार आलं. खालून माणसं चढली, नारळांची पोती चढली, झावळ्यांच्या टोपल्यांत बांधलेली डुकरं चढली. ती ओरडत होती. आईला मी धरून वर डेकवर नेलं. जहाज पुन्हा सुटलं आणि बेट मागे गेलं. मग चहूकडे नुसतं पाणी. काळसर निळं. आमच्याकडच्या गढूळ समुद्रासारखं अजिबात नाही.

आई दोन्ही हातांनी कठडा धरून ते बघत राहिली. मग म्हणाली, "बावीस वर्षांची होती. हे सगळं बघून तिला काय वाटलं असेल?"

"काका होते ना बरोबर."

"त्याला तरी ती कुठे ओळखत होती तेव्हा," आई म्हणाली.

वाटेतलं कामोर्टा बेट गेलं. तिसऱ्या दिवशी पावसात कॅम्पबेल बे आलं. जेट्टीवर शेजारीण छत्री घेऊन उभी होती. तिने पुढे होऊन आईच्या हातातली पिशवी घेतली.

मावशी खाटेवर होती. माझ्या आठवणीतली मावशी म्हणजे आजोबांच्या तेराव्यानंतर आलेली, उन्हाने रापलेली, मोठ्याने बोलणारी बाई. ही वेगळीच होती. हातपाय काटक्या झालेले आणि पोट दिवस भरलेल्या बाईसारखं. डोळे पिवळे. आई दारातच थांबली. मावशीने मान वळवली आणि कितीतरी वेळ बघत राहिली.

"ताई, किती म्हातारी झालीस गं," ती म्हणाली.

आई जाऊन तिच्या पायथ्याशी बसली. दोघी रडल्या नाहीत. मावशी बोर्डीचं विचारत सुटली. तिचं मराठी जिथल्या तिथे थांबलेलं होतं, मध्ये मध्ये हिंदी घुसलेलं. जी माणसं कधीच मेली त्यांची चौकशी करायची. किनाऱ्यावरची सुरूची झाडं तशीच आहेत का, म्हणाली. आईने सांगितलं, पुढची रांग समुद्राने खाल्ली. "इधर भी वैसाच," मावशी म्हणाली. "सगळं खातो तो."

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. त्याने मला बाहेर बोलावून समजावलं. लिव्हरचं आहे, पोटात पाणी आहे, इथे तपासणीची सोय नाही, पोर्ट ब्लेअरला नेलं तर निदान काय ते कळेल. "बचेंगी?" मी विचारलं. त्याने खांदे उडवले नाहीत की धीरही दिला नाही. "यहाँ तो मैं कुछ कर नहीं सकता," एवढंच म्हणाला. पेशंटसाठी हेलिकॉप्टर मागवलं होतं, पण हवा खराब होती, ते येत नव्हतं. जहाजही परत फिरून कधी येणार ते नक्की नव्हतं.

ते वाट बघण्याचे दिवस मला अजून नीट सांगता येत नाहीत. पाऊस पडायचा, थांबायचा, पुन्हा पडायचा. दुकानात भाजी संपली, मग अंडी संपली. जहाज आलं की सगळं येईल, असं जो तो म्हणायचा. आई मावशीला चमच्याने पेज भरवायची आणि मावशी थोड्या वेळाने ती ओकायची. दोघींचं मध्येच भांडण व्हायचं, आणि ते एकाच गोष्टीवरून.

"मी नाही येणार," मावशी म्हणायची. "जे काही व्हायचं ते इथे होऊ दे."

"इथे कोण आहे तुझं?"

"ते आहेत." काकांचं शव मिळालंच नव्हतं. समोरच्या पाण्याकडे बोट करून ती म्हणायची, "ते इथेच आहेत."

"इतकी वर्षं एकटी राहिलीस ते पुरे झालं," आई म्हणायची. "मी तुला घेऊनच जाणार, बाय. तुला बरं करणार आणि बोर्डीला नेणार."

मावशी डोळे मिटून घ्यायची. तिच्यात भांडायचं त्राण उरलं नव्हतं. जहाज आलं त्या दिवशी ती 'नाही येणार' असंही म्हणाली नाही. चौघांनी स्ट्रेचर धरून शिडीवरून तिला वर चढवलं. शिडी ओली होती आणि स्ट्रेचर तिरकं झालं, तेव्हा तिने बाजूचा कठडा पकडला. पकड सोडवताना मला तिची बोटं एकेक करून उघडावी लागली. घाबरून पकडला असेल की जायचं नव्हतं म्हणून, हे मला तेव्हाही कळलं नाही.

जहाजावर पेशंटसाठी एक लहानशी खोली होती, गोल खिडकीची. तिथे एक खाट आणि एक स्टूल. आई स्टुलावर, मी जमिनीवर. समुद्र खवळलेला. जहाज एका बाजूला कललं की मावशीचं पोट त्या बाजूला सरकायचं आणि ती कण्हायची. दवाखान्याने बरोबर दिलेली नर्स येऊन सुई देऊन जायची. पहिला दिवस असाच गेला. कामोर्टा सोडल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी मावशीने पाणी मागितलं. आईने चमचा तिच्या तोंडाला लावला, पाणी ओघळून मानेवर आलं. आईला वाटलं, जहाज हललं म्हणून. तिने पुन्हा चमचा भरला. नर्सने मावशीची नाडी बघून आईचा हात धरला तेव्हा कुठे ती थांबली.

थोड्या वेळाने एक अधिकारी आला. टोपी काढून उभा राहिला. म्हणाला, कार निकोबार येईल तिथे उतरवता येईल, नाहीतर पोर्ट ब्लेअरपर्यंत न्यावं लागेल, तुम्ही सांगा. मी आईकडे बघितलं. ती म्हणाली, "इथे उतरवून काय करायचं? इथे तिचं कोणी नाही."

खोलीत भयंकर उकडत होतं. खाली बंकमध्ये एक निकोबारी कुटुंब होतं. नातलगांकडे मासळी न्यायला त्यांनी बर्फाची पेटी आणली होती. त्यांना कोणी सांगितलं ठाऊक नाही. त्यातला म्हातारा पेटी घेऊन वर आला, मासे त्याने कुठेतरी वाटून टाकले होते. आम्ही तो बर्फ प्लास्टिकमध्ये भरून मावशीच्या दोन्ही अंगांना लावला. बर्फ विरघळला की मासळीच्या वासाचं पाणी खाली यायचं आणि जहाजाबरोबर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत वाहायचं. आई गुडघे टेकून ते पुसत होती. तिचे गुडघे वाकत नसत, तरी. मी म्हणाले, मी पुसते. तिने मला फडकं दिलं नाही.

पोर्ट ब्लेअरला कागदपत्रं झाली आणि संध्याकाळच्या आत मावशीला अग्नी दिला. मीच दिला. आई बाकावर बसून होती.

अस्थी घेऊन लॉजवर आलो. मला वाटलं होतं, आई त्या बोर्डीला न्यायच्या म्हणणार. सकाळी ती म्हणाली, "या तिकडे पाठव."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? तिच्या घरी. ते आहेत तिथे."

आम्हाला परत जाणं शक्य नव्हतं. माझी रजा संपून गेली होती आणि आईला धड उभं राहवत नव्हतं. नर्सला परतीच्या जहाजाने कॅम्पबेल बेला जायचंच होतं. तिने कलश न्यायचं कबूल केलं. लाल कपड्यात बांधून मी तो तिला जेट्टीवर दिला. तिने तो आपल्या हातातल्या पिशवीत ठेवला आणि रांगेत उभी राहिली. आई जेट्टीवर आली नाही. काही दिवसांनी शेजारणीचा फोन आला, की होडी करून खाडीच्या तोंडाशी अस्थी सोडल्या. आईने ऐकलं आणि फोन माझ्याकडे दिला.

त्यानंतर आई वखारीत गेली नाही. कोणी विचारलं तर सांगायची, बहीण आजारी होती, गेली. तिने मावशीला आणायला नको होतं का, हे मी तिला कधी विचारलं नाही. तिथे ठेवली असती तरी ती वाचली नसती, असं एकदा मीच न विचारता बोलून गेले. आई म्हणाली, "ते मला माहीत आहे." तेवढंच.

पुढच्या वर्षी थंडीत आमच्याकडे भूकंपाचे धक्के सुरू झाले. तलासरी आणि डहाणूच्या पूर्वेकडच्या गावांत जास्त. माझ्या गाडीत रोज तीच बोलणी. लोक अंगणात तंबू टाकून झोपत होते, भिंतींना भेगा पडलेल्या, शाळेची पोरं बाहेर झाडाखाली बसलेली. बोर्डीलाही भांडी वाजायची. आईचं घर जुन्या कौलांचं. मी गेले आणि म्हणाले, "चल, डहाणूला माझ्या खोलीवर राहा." माझी तयारी होती भांडायची. घर कोण बघणार, तुळशीला पाणी कोण घालणार, हे सगळं ती बोलणार आणि मी काय उत्तरं द्यायची हे मी गाडीतच ठरवून ठेवलं होतं.

ती "बरं" म्हणाली. उठली, दोन लुगडी पिशवीत भरली, कुलूप लावलं आणि स्टॉपवर येऊन उभी राहिली. मला फार वाईट वाटलं. निदान एकदा तरी तिने नाही म्हणायला हवं होतं.